कोपऱ्यातली सही

नागपूरच्या सदरमध्ये उड्डाणपूल झाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आंधळ्या भिंतींना भाव आला. त्याआधी रेसिडेन्सी रोडवरच्या इमारतींच्या बाजूच्या भिंतींकडे कोण कशाला बघेल? खिडकी नाही, गॅलरी नाही. प्लास्टरवर पावसाचे काळे ओघळ आणि एसीचे पाइप, एवढंच. पुलावरून जाणाऱ्याच्या मात्र नेमक्या त्याच भिंती डोळ्यांत भरतात. आधी तिथे मोबाइल आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती आल्या, मग ‘सुशोभीकरण’ आलं. त्या सुशोभीकरणावर पोट भरणारा मी एक पेंटर.

मुळात मी बोर्ड पेंटर. उमेदवारी सदरच्याच बाजारात केली. लिबर्टी टॉकीजवर तेव्हा हातानं रंगवलेले बॅनर चढायचे आणि दुकानाच्या पाटीला पत्रा, प्रायमर, दोन हात ऑइल पेंट आणि पेंटरच्या मर्जीप्रमाणे चार-आठ दिवस लागायचे. आमच्या उस्तादांचा नियम होता: अक्षरं दुकानदाराची, कोपरा आपला. उजवीकडे खाली, बोटभर उंचीत पेंटरचं नाव. पाटी पाहून गिऱ्हाईक यायचं ते त्या नावामुळे, आणि अक्षर फसलं तर शिव्याही त्याच नावानं पडायच्या. दोन्ही बाजूंनी सोय होती. मग फ्लेक्स आला. मशीनमधून निघालेल्या पाटीला कोपरा असतो, पण त्यात कुणाचं नाव नसतं. दोन-चार वर्षांत आमच्यातले निम्मे लोक ऑटो चालवायला लागले, काही घरांच्या रंगकामाला लागले. मी भिंतींवर आलो.

भिंतींच्या धंद्यात ‘ट्रायबल थीम’ हा शब्द फार चालतो. ठेकेदारानं तो उच्चारला की समजायचं: गेरूचा पट्टा, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर. मी ती माणसं शाळांच्या कुंपणांवर काढली, पुलांच्या खांबांवर काढली, सार्वजनिक शौचालयांवरसुद्धा काढली. माझ्याकडे त्यांच्या स्टेन्सिल कापून ठेवलेल्या आहेत: एक तारपावाला, एक बैलगाडी, नाचणाऱ्यांची एक रांग. मार्च 2023 मध्ये जी-20 मधल्या सी-20 गटाच्या बैठकीसाठी नागपूर घाईघाईनं रंगवून निघालं, तेव्हा असल्या स्टेन्सिलांना उसंत नव्हती. स्क्वेअर फुटाच्या दरात हेच परवडतं. दोन त्रिकोण, एक गोळा, चार काड्या. नवं पोरगंही दुपारपर्यंत शिकतं.

खरं तर हे चित्र तसं शिकून येत नाही. वारली चित्र हे डहाणू, तलासरी, जव्हारकडचं, म्हणजे आमच्यापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. तिथे ते लग्नाच्या घरात, सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं बाया काढतात. चौक काढायचा, त्यात पालघट देवी बसवायची, धवलेरीनं, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनं, गाणी म्हणायची, तेव्हा लग्न लागतं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात ते कागदावर आणलं आणि बायकांच्या हातातली ही गोष्ट जगभर फिरवली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. आमच्या खांबांवर चौकही नाही आणि पालघटही नाही. नवरानवरी नाही, देवी नाही, नुसते वऱ्हाडी नाचताहेत! नागपूरला ते शोभतं, असं मी एकदा ठेकेदाराला म्हणालो. तो हसला नाही. बहुधा मुंबईकडचा असावा.

सदरमधली ही इमारत मिळाली ती वेगळ्या कारणानं. मालक भोपाळला जाऊन आलेले होते. तिथल्या विधान भवनाच्या भिंतीवर गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचं काम त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना ‘तसं’ हवं होतं. माझ्या स्टेन्सिलांपैकी काही नको होतं. ठेकेदारानं ओळखीतून मध्य प्रदेशच्या दिंडोरी जिल्ह्यातला एक परधान चित्रकार बोलावला. चित्र त्याचं, भिंत तयार करणं, परांची, रंग आणि भराईला हात ही बाजू माझी. मी त्याला भैया म्हणायचो, तो मला दादा.

काम मेमध्ये आलं. नागपुरात मेमध्ये बाहेरच्या भिंतीला हात लावणं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. पारा 45 च्या पुढे जातो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चारला तळहात ठेववत नाही. इमल्शन इतकं झटकन वाळतं की ब्रश ओढून होण्याआधीच रेघेचं शेपूट सुकून खरखरीत होतं. म्हणून उजाडायच्या आत परांचीवर चढायचं, दहाला उतरायचं आणि पुन्हा सूर्य इमारतींमागे गेल्यावर हात घालायचा. त्याआधी तारेच्या ब्रशनं जुना रंग खरवडला, भेगा भरल्या, ड्रेनेजच्या पाइपाजवळ लोणा लागला होता तिथलं प्लास्टर फोडून पुन्हा केलं. लोण्यावर कितीही भारी रंग द्या, पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे निघतात. ठेकेदाराला हे वाया गेलेले दिवस वाटत होते, कारण फोटोत प्लास्टर दिसत नाही.

रंगांवरून आमची पहिली चर्चा झाली. भैया कॅनव्हासवर भडक गुलाबी आणि पिवळे वापरायचा. मी सांगितलं, सदरच्या उन्हात हा गुलाबी दोन उन्हाळे टिकणार नाही. गेरू, काळा, पांढरा, हळदीचा पिवळा आणि निळ्यातला गडद टिकेल. तो म्हणाला, मग घरचेच रंग झाले की. त्याच्या लहानपणी गावात पिवळी माती, पांढरी छुई, काजळी, गेरू यांनीच भिंती रंगत. बाजारातले रंग त्याच्या मागच्या पिढीनं भोपाळला जाऊन धरले होते.

भिंतीवर मी सुताची दोरी मारून चौकोन आखले होते. मोठं चित्र चढवायचं तर आमच्याकडे तीच रीत. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून बराच वेळ भिंत बघितली, मग लांब बांबूच्या टोकाला खडू बांधला आणि खालून वर एक खोड ओढलं. साजाचं झाड. साजा म्हणजे आपला येन. त्या झाडात बडादेव राहतो. परधानांची गोष्ट अशी की सगळे भाऊ देवाला शोधून थकले, तेव्हा धाकट्यानं बाना नावाचं वाद्य तयार केलं, झाडाखाली वाजवलं आणि देव प्रसन्न झाला. धाकट्याचे वंशज ते परधान. थोरल्या भावांच्या, म्हणजे गोंड यजमानांच्या घरी जाऊन बाना वाजवायचा, त्यांच्या वंशाची आणि देवांची गाणी गायची, हा त्यांचा पिढीजात धंदा.

तिसऱ्या दिवशी भाडेकरूंपैकी दोघं खाली आले. एकाचं म्हणणं, हे तर एमपीचं, आपलं काहीतरी काढा ना. आपलं म्हणजे काय, तर संत्री, वाघ, झिरो माईल आणि मेट्रो. संत्र्यांशी माझं भांडण नाही, डझनांनी काढली आहेत. वाघही चालतो. 2018 मध्ये रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरणाच्या स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूरला पहिलं बक्षीस मिळालं ते ताडोबाच्या चित्रांमुळेच, आणि ते काम बघण्यासारखं आहे. पण ‘एमपीचं’ हे ऐकून मला राहवलं नाही. हे शहर वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाहनं, 1702 च्या सुमारास, राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वस्त्या जोडून. ते देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे, म्हणजे एमपीतच. आणि 1956 च्या ऑक्टोबरपर्यंत मंडला जिल्ह्याची राजधानी कोणती होती? नागपूर. भैयाचं गाव तेव्हा मंडल्यातच मोडायचं. आपल्याच राजधानीच्या भिंतीवर त्याचा आजा परका नव्हता. भाडेकरू म्हणाले, बरोबर आहे तुमचं काकाजी, पण एखादं संत्रं टाकायला काय जातं?

खालच्या भागाचा प्रश्न वेगळाच निघाला. सदर काय नि इतवारी काय, नागपूरच्या कुठल्याही भिंतीचा खालचा पाच फूट भाग हा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाणाऱ्यांचा. ठेकेदाराची सूचना होती की खाली बडादेव काढा, म्हणजे कुणी थुंकणार नाही, आडोशालाही बसणार नाही. जिन्यांच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स लावतात तोच हिशेब. भैयानं शांतपणे नाही म्हटलं. “भगवान चौकीदारी नहीं करेंगे.” देव वर, फांद्यांमध्ये, खाली मुळं, मुंग्या, रानडुक्कर आणि अगदी तळाला गेरूचा जाड पट्टा. पट्टा माझ्या मनातला होता, कारण त्यावर खर्ऱ्याची पिचकारी दिसत नाही. पण तो म्हणाला, आमच्या घरांनाही खाली गडद मातीचा पट्टा असतो, पावसाचे शिंतोडे उडतात म्हणून. तिथे पाऊस, इथे खर्रा!

भराईला माझ्याकडे जी पोरं होती त्यातलं एक केळापूर तालुक्यातलं, यवतमाळ जिल्ह्यातलं. आर्टच्या डिप्लोमाला होतं, हात चांगला. पहिले काही दिवस ते भैयाशी कामापुरतंच बोललं. मग जेवायच्या सुटीत, डबे उघडता उघडता, कुणीतरी कुणाला गाव विचारलं आणि निघालं की हाही परधान. मी इतकी वर्षं त्याला ओळखत होतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, त्यानं कधी सांगितलं नव्हतं. भैयानं लगेच पुढचा प्रश्न टाकला, “कितने देव?” गोंड-परधानांत कुळं देवांच्या संख्येनं ओळखतात: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. संख्या जुळली तर भाऊबंद, नाही तर सोयरे. यांची जुळली नाही. म्हणजे सोयरे! त्या क्षणापासून भैयाची भाषा बदलली. तो पोराची थट्टा करायला लागला, रंगाचा डबा उचलायला लावायला लागला, आणि पोरगंही त्याला उलट बोलायला लागलं. आम्ही बाकीचे बघत राहिलो. एवढा हक्क मला माझ्या सख्ख्या मेव्हण्यावर नाही.

पोराचा आजा किंगरी वाजवायचा. बाना नाही, किंगरी. पण काम तेच, यजमानांच्या घरी जाऊन गायचं. बापानं ते सोडलं, एसटीत लागला. “आमच्याकडे चित्रं-बित्रं कोणी काढत नाही,” पोरगं म्हणालं, “हे ठिपके-रेघा मी पुस्तकात पाहिले.” ते पुस्तक त्यानं दीक्षाभूमीवर, धम्मचक्र दिनाच्या स्टॉलवर पाहिलं होतं: ‘भीमायन’, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेलं बाबासाहेबांचं चरित्र. व्याम म्हटल्यावर भैया सावरून बसला. ते त्याच्याच भागातले.

‘आमच्याकडे कोणी काढत नाही’ हे पोराचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण सुशोभीकरणाच्या फायलीत ‘गोंड कला’ म्हणजे हजारो वर्षांची, कुणाचीच नसलेली, आपोआप उगवलेली अशी काहीतरी असते. भिंतीवर आणि अंगणात दिग्ना नावाची नक्षी काढायची रीत जुनीच. पण हरणाच्या शिंगातून झाड निघणारं, अंगभर ठिपक्यारेघांनी भरलेलं हे चित्र पाटनगढच्या एका तरुण परधानानं सुरू केलं. 1980 च्या दशकाच्या तोंडाशी भोपाळच्या भारत भवनसाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांची माणसं गावोगाव फिरत होती. पाटनगढमध्ये त्यांना जनगढनं घराच्या भिंतीवर काढलेलं चित्र दिसलं. ते त्याला भोपाळला घेऊन गेले. 1989 मध्ये त्याचं काम पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होतं. 2001 मध्ये, चाळिशीही गाठली नसताना, जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यानं जीव दिला. त्याच्या मागे त्याचे नातेवाईक, गाववाले यांनी ही रीत पुढे नेली. भज्जू श्याम यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, दुर्गाबाईंना 2022 मध्ये. म्हणजे या कलेला जन्मसाल आहे, गाव आहे, माणसाचं नाव आहे. जाणकार तिला जनगढ कलम म्हणतात. माझ्या उमेदवारीपेक्षा ती फार जुनी नाही.

आणि हे नाव चित्रात दिसतं. कसं, ते मला भराई करताना कळलं. आकार कुणीही काढेल. पण आत जे भरतात ते प्रत्येक चित्रकाराचं स्वतःचं. कुणी माशाचे खवले भरतो, कुणी पावसाचे थेंब, कुणी बिया, कुणी साखळीची कडी. भैयाची भराई म्हणजे नांगरलेल्या शेताच्या तासांसारख्या तिरप्या रेघा आणि प्रत्येक दोन तासांत एक ठिपका. आम्हाला ती शिकवायला त्यानं फार त्रास घेतला. ठिपका आधी नाही, रेघ आधी. ब्रश उचलायचा तो नेहमी एकाच बाजूला. माझं निम्मं आयुष्य सरळ रेघ ओढण्यात गेलं, पण माझ्या रेघा त्याला आवडेनात. “दादा, आपकी लाइन दुकान की है,” म्हणाला. फार सुबक, फार सारखी. मला ती कौतुकाची बाजू वाटत होती. हळूहळू जमलं. मग एका पहाटे मी हरणाच्या पोटात रेघा भरत असताना माझ्या लक्षात आलं की आपण त्या माणसाची सहीच करतोय, भिंतभर. तसं पाहिलं तर आयुष्यभर मी दुसऱ्यांचीच नावं लिहिली आहेत.

पोराची एक मागणी होती. झाडाच्या एका बाजूला बाबुराव शेडमाके काढू. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जमीनदारीतला हा गोंड तरुण 1858 मध्ये इंग्रजांशी लढला. 21 ऑक्टोबर 1858 ला त्याला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाखाली फाशी दिली. आजही त्या तारखेला चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळापाशी लोक अभिवादनाला जमतात. भैयाला ही कथा ठाऊक नव्हती. त्यानं ती दोनदा ऐकली, मग कागदावर घोडा, पिंपळ आणि पिंपळाच्या पानांतून उतरणारा दोर काढला. कच्चं चित्र होतं, पण माझ्या मते त्या सगळ्या कामातलं ते सगळ्यात जिवंत. मालक सज्जन माणूस. त्यांनी कागद निरखून पाहिला आणि म्हणाले, दवाखान्याची इमारत आहे, पेशंट येतात, फाशी नको. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण शहराला आदिवासी हरणांबरोबर आवडतो, मोरांबरोबर आवडतो, दोराबरोबर नाही. त्या जागी मोर आला.

पूर्ण झाल्यावर सहीचा विषय निघाला. ठेकेदाराच्या करारात खाली उजवीकडे त्याच्या फर्मचं नाव आणि बोधचिन्ह, बस. चित्रकाराचं नाव कशाला, तो तर ‘ट्रॅडिशनल’ आहे ना! यावर भैया काहीच बोलला नाही. मी बोललो. सदरपासून जवळच हिस्लॉप कॉलेज आहे. ज्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावानं ते आहे, त्या मिशनऱ्यानं गोंडांची लिंगोची गाथा एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली होती. 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले, आणि 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. मुखपृष्ठावर दोन साहेबांची नावं. एकाच्या नावाचं कॉलेज झालं. गायलेलं कोणी, ते मुखपृष्ठावर नाही. हे मी ठेकेदाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही पेंटर आहात का प्रोफेसर?” रंगकामात वाचायला वेळ फार मिळतो, पहिला हात वाळेपर्यंत.

शेवटी मालकांनीच निकाल दिला. फर्मचं नाव राहील, पण चित्रकाराचं नाव आणि गावही येईल. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. कितीतरी वर्षांनी मी जाड देवनागरी हातानं लिहिली, गेरूच्या पट्ट्यावर पांढऱ्यानं, जरा मोठीच, कारण वाचणारा पुलावर ताशी चाळीसच्या वेगानं असतो. भैयानं स्पेलिंग तपासलं, गावाच्या नावातली एक मात्रा दुरुस्त करून घेतली आणि पोराला म्हणाला, आपलं नाव घाल. पोरानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घाल ना बे, मले काय विचारतो? त्यानं मुळांजवळ बोटभर उंचीत घातलं. मी माझं घातलं नाही. भिंत तयार करणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही, आणि लोणा पुन्हा वर आला तर लोकांना पत्ता कशाला द्यायचा.

पावसाळा काढला भिंतीनं. पाइपाजवळ थोडं फुगलं आहे, बाकी ठीक. परवा त्याच ठेकेदाराचा फोन आला. दुसऱ्या शहरात पुलाचे खांब आहेत, तेच झाड, तेच हरण हवं. फोटो आहेच आपल्याकडे, पोरं तुमची तयार झालीच आहेत, तुम्हीच उरका, त्या माणसाला कशाला एवढ्या लांबून बोलवायचं? मी म्हटलं, बोलवावं लागेल, किंवा त्याला पैसे पाठवून त्याच्याकडून हो म्हणवून घ्यावं लागेल, आणि नाव त्याचं येईल. तो म्हणाला, दर वाढेल. मी म्हटलं, वाढेल. नाही तर स्टेन्सिल आहेत, तारपावाला उद्या सकाळी लावतो. तो म्हणाला, दोन्हीचं कोटेशन पाठवा.